पन्नासच्या नोटेची रुंदी

कॅशियरच्या नोकरीविषयी लोकांच्या दोन समजुती असतात. एक म्हणजे एवढा पैसा हाताखालून जाताना आमचा जीव खालीवर होत असेल. दुसरी म्हणजे आम्हाला डोळे मिटूनही नोटा ओळखता येत असतील. पहिली साफ चूक. कॅश काउंटरच्या पिंजऱ्यात चार महिने काढले की नोट ही वाण्याच्या तूरडाळीसारखी होते, मापायची आणि द्यायची. दुसरी समजूत मात्र माझी स्वतःचीही होती. ती कशी उतरली ते सांगायला बसले आहे. त्यात एका माणसाचा संसार मोडता मोडता राहिला आणि त्यात माझा हात होता, म्हणून नोकरीत असेपर्यंत मी हे फारसं कुठे बोलले नाही.

आमची शाखा बोरीवली पश्चिमेला. काळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा. कॅश काउंटरला तेव्हा खरोखरच लोखंडी जाळीचा पिंजरा असायचा. आत गेलं की मागून कडी, समोर हात जाईल एवढी खिडकी. नोटांच्या गड्ड्यांना पिना ठोकलेल्या असत. त्या उपसता उपसता माझ्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं तुटकं राहिलं. पिंजऱ्याचा एकच कायदा होता. दिवसाची रोकड जुळल्याशिवाय कॅशियरने बाहेर पडायचं नाही. घरी कुणी आजारी असो की बाहेर दंगल असो, आधी जुळणी, मग चप्पल.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक कोळीण मावशी ओल्या नोटा आणायच्या, त्या मी पंख्याखाली वाळवायची आणि मग सगळ्या शाखेला बांगड्यांचा वास यायचा. एक निवृत्त मास्तर शंभर रुपये काढायचे, दोनदा मोजायचे आणि पुन्हा भरायचे. आपले पैसे अजून आहेत ना, एवढंच त्यांना बघायचं असे. आणि एक होते दत्ताराम परब.

परब चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होते. काचबिंदूने पस्तिशीत दोन्ही डोळे गेले. मालकाने हिशेब करून घरी बसवलं, पण अपंगांच्या कोट्यातून त्यांना चारकोपच्या एका सेक्टरमध्ये, सोसायटीच्या फाटकाशी, पाव-अंडी-बिस्किटांचा स्टॉल मिळाला. बायको शेवंती दोन घरी पोळ्या करायची. मूलबाळ नव्हतं. बँकेतलं खातं दोघांच्या नावावर होतं.

एकदा पैसे काढायला आले, तर मी पितळी टोकनाचा नंबर पुकारताच ते खिडकीशी हजर. मी म्हटलं, "परब, तुमचा नंबर तुम्हाला कुणी सांगितला?"

त्यांनी टोकनावर अंगठा फिरवला. "हा काय, कोरलाय ना. एकोणतीस. मॅडम, तुमच्या बँकेचं टोकन मला वाचता येतं. तुमच्या बँकेची नोट येत नाही. हे काय बरोबर नाय."

मी हसले. म्हटलं, "येईल की. आम्हाला तर डोळे मिटूनसुद्धा येतं."

"मिटून दाखवा."

गर्दी नव्हती. मी डोळे मिटले. शेजारच्या काउंटरवरच्या देसाईंनी माझ्या हातात एकेक नोट ठेवायला सुरुवात केली. देसाई आमचे हेड कॅशियर, माणूस कडक पण अशा गमतीला हजर. पहिली मी सांगितली पाचची, निघाली दोनची. दुसरी सांगितली दहाची, निघाली पाचची. तिसरीला मी नुसतीच चाचपत बसले. देसाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. परब हसले नाहीत.

"म्हणजे तुम्हालाही नाय कळत," ते म्हणाले. "मग माझी काय कथा. दहाची म्हणून दोनची देतात मॅडम. लहान पोरं नाही हां, चांगली बूटवाली माणसं. रात्री शेवंती सांगते, ही दोनची, ही पण दोनची. तिला तरी किती वेळ डोळे म्हणून वापरायचं?"

हे वाक्य मला लागलं. आता नोटांवर हाताला कळणाऱ्या खुणा आल्या, शंभराला त्रिकोण, पाचशेला गोल. त्या वेळी यातलं काही नव्हतं. गुळगुळीत कागद नुसता. एकच आधार होता, तो म्हणजे लांबी. एकाची नोट सगळ्यांत आखूड, दोनची तिच्याहून बोटभर लांब, पाचची त्याहून, असं चढत जायचं. डोळसाला ते कधी जाणवत नाही, कारण तो रंग बघून मोकळा होतो.

त्याच दुपारी मी जुन्या लेजरचा जाड पुठ्ठा कापला आणि एक पट्टी केली. एका टोकाला आडवा अडथळा चिकटवला. नोटेची एक कड त्या अडथळ्याला टेकवायची, नोट पट्टीवर सरळ करायची आणि दुसरं टोक कुठल्या खाचेशी येतं ते अंगठ्याने बघायचं. ड्रॉवरमधली एकेक नोट लावून मी खाचा पाडल्या. एक, दोन, पाच, दहा, वीस. या सगळ्या नोटांची रुंदी सारखी होती. शंभरची मी स्वतःच्या पर्समधून काढली.

पन्नासची मात्र हाताशी नव्हती. त्या दिवशी इंडस्ट्रियल इस्टेटचा पगार झाला होता आणि पन्नास-शंभरच्या सगळ्या गड्ड्या सकाळीच गेल्या होत्या. स्ट्राँगरूम उघडायला दोन चाव्या आणि दोन माणसं लागतात. एका नोटेसाठी देसाईंना कुठे उठवा? मी विचार केला, पन्नास म्हणजे वीस आणि शंभरच्या मधली. दोन्ही खाचांच्या बरोबर मध्ये मी तिसरी खाच पाडली. बारा वर्षं त्या नोटा हाताळल्या होत्या, म्हणून ही हिंमत. नवख्या माणसाने मापून बघितलं असतं.

दुसऱ्या खेपेला परब आले तेव्हा मी त्यांची परीक्षाच घेतली. दहा नोटा, दहा उत्तरं, सगळी बरोबर. त्यात पन्नासची एकही नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. वर मी उपदेश केला, "रुंदीकडे अजिबात लक्ष देऊ नका, ती सगळ्यांची सारखीच. फक्त लांबी."

परबांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते अजून आठवतं. त्यांनी पट्टी शर्टाच्या आत, बनियनच्या खिशात ठेवली. महिन्याभरात चारकोपमध्ये त्यांचं नाव झालं. बूटवाल्यांची दोनची नोट ते परत करायचे, "साहेब, चुकून दोनची आली वाटतं," असं गोड बोलून. स्टॉलवर मोठी नोट ते घ्यायचेच नाहीत, सुट्टे नसत म्हणून. मी घरी, माहेरी, हळदीकुंकवाला, जिथे जाईन तिथे ही गोष्ट सांगत सुटले. वरच्या ऑफिसला एक पत्रही लिहिलं, की नोटांवर अंधांसाठी उठावाची खूण असावी. आपली सूचना नोंदवून घेतली आहे, असं उत्तर आलं. ते मी काचेखाली लावलं होतं.

चारेक महिने गेले. एके दिवशी दुपारी अडीचला, व्यवहार बंद झाल्यावर, परब खिडकीशी आले. नेहमी शेवंती बँकेच्या फाटकापर्यंत सोडायची. आज एकटेच होते, काठी टेकत आलेले.

"मॅडम, खात्यातून शेवंतीचं नाव काढायचंय. फॉर्म द्या. आणि हे एकशेवीस रुपये माझ्या एकट्याच्या नावे भरायचे."

त्यांनी खिडकीतून सहा नोटा सरकवल्या. मी बघत राहिले. सहाच्या सहा पन्नासच्या होत्या.

"परब, किती म्हणालात?"

"एकशेवीस. सहा वीसच्या. चार-चारदा मापल्यात."

"हे तीनशे आहेत."

मी ड्रॉवरमधून वीसची एक नोट काढली आणि पन्नासच्या नोटेवर ठेवली. लांबीला तंतोतंत सारख्या. कड कडेला लागली. फरक होता तो रुंदीत, पन्नासची वरच्या अंगाने बोटभर जास्त. गड्ड्या रचताना माझ्या हातांना हे रोज कळत होतं. डोक्याने हातांना कधी विचारलंच नाही.

"परब, हे पैसे कुठले?"

मग हळूहळू निघालं. शेवंती ज्या दोन घरी पोळ्या करायची त्यांतल्या एका घरच्या बाई महिन्याला शंभर रुपये द्यायच्या, पन्नासच्या दोन नोटा. पूर्वी शेवंती नोटा हातात देताना किती ते सांगायची. पट्टी आल्यावर परबांनीच तिला सांगितलं होतं, आता सांगायचं नाही, माझं मला कळतं. ती बिचारी नोटा नुसत्या हातावर ठेवू लागली. परब मापायचे, वीस आणि वीस. शंभराचे चाळीस. तीन महिने ते या नोटा वेगळ्या डब्यात ठेवत गेले. शेवंतीचा भाऊ कणकवलीला घर बांधत होता. साठ रुपये तिकडेच जातात, असं यांनी मनात पक्कं केलं.

"तिला विचारलं का नाही?" मी जरा जोरातच बोलले.

"विचारलं असतं आणि ती खोटं बोलली असती तर? मग माझ्याकडे काय राहिलं असतं?" ते म्हणाले. "काल तिला म्हटलं, तुझ्या भावाकडेच जाऊन रहा. का ते नाय सांगितलं. ती रात्रभर एक शब्द बोलली नाय. आज चारची कणकवलीची गाडी आहे."

घड्याळात पावणेतीन वाजले होते. एसटीचा डेपो पूर्वेला. माझी रोकड मोजायची होती.

मी देसाईंकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "कांबळे मॅडम, विचार पण करू नका. जुळणी न करता बाहेर पडलात तर वाट लागेल. मला रिपोर्ट करावाच लागेल."

"करा."

"अहो, तुम्ही कशाला? त्यांना रिक्षात बसवून द्या."

"पट्टी मी केली. ते जाऊन काय सांगणार, नोटा चुकल्या म्हणून? ती का ऐकेल?"

देसाई उठले. माझ्या ड्रॉवरला कुलूप लावलं, त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. "चार-सव्वाचारपर्यंत मी मॅनेजरना चहात गुंतवतो. जास्त चहा ते पण पीत नाहीत."

तेव्हा मेमोची गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे वाचकांना घोर नको. मिळाला. रोकड जुळण्यापूर्वी काउंटर सोडल्याबद्दल. माझ्या सबंध नोकरीतला तो एकच मेमो. उत्तरात मी खरं ते लिहिलं, आणि खाली सही करताना जी लाज आणि जो अभिमान एकदम वाटला तसा पुन्हा कधी वाटला नाही. पुढे मी नवी पट्टीही केली. आडवी वेगळी, उभी वेगळी, आणि प्रत्येक नोट, प्रत्येक, समोर ठेवून मापलेली. अशा बऱ्याच पट्ट्या माझ्या हातून चारकोप, कांदिवली, मुलुंडपर्यंत गेल्या. पण त्या दिवशी रिक्षात बसले तेव्हा यातलं काही नव्हतं. होते फक्त परब, काठी गुडघ्यांत धरून बसलेले, आणि रेल्वेपलीकडे जायला लागलेली रिक्षांची रांग.

वाटेत ते एकदाच बोलले. "मॅडम, आधी बरं होतं हो. मला कळायचं नाय, म्हणून मी तिला विचारायचो. तुम्ही पट्टी दिलीत आणि मी विचारायचंच सोडलं." यात त्यांनी मला दोष दिला नव्हता. मला तो लागला मात्र.

डेपोत कणकवलीची गाडी लागलेली होती. माणसं टपावर बोचकी चढवत होती. मी शेवंतीला एकदोनदाच बघितलेलं, तरी लगेच ओळखली. पाण्याच्या टाकीशेजारी, एका पिशवीवर ठाण मांडून बसली होती. मी परबांचा हात धरून तिच्यासमोर नेला. ती उठली नाही.

"शेवंतीबाई," मी म्हटलं, "मी बँकेतली. यांची नोटांची पट्टी मी केली होती. ती चुकीची आहे. तुम्ही दिलेली पन्नासची नोट त्या पट्टीवर वीसची लागते. तुमच्या पगाराच्या नोटा यांनी वीसच्या समजून ठेवल्या. यांना वाटलं, तुम्ही भावाला पैसे देता. चूक सगळी माझी आहे."

ती माझ्याकडे बघत होती. मग नवऱ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, पण आजूबाजूचे दोघेतिघे गप्प झाले.

"तीन म्हयने?" ती म्हणाली. "तीन म्हयने तुमी माका चोर समजलात? म्हणान माझ्या हातचा जेवताना गप ऱ्हवत होतात?"

परबांनी मान हलवली.

"माका एकदा इचारूक काय झाला होता? पट्टी खरी, नि मी खोटी?"

"चुकलंय," परब म्हणाले. "माझा चुकलाच." आणि त्यांना रडू आलं. भर डेपोत, पोटऱ्यांना लोकांच्या पिशव्या लागत असताना, तो उंच माणूस उभ्याउभ्या रडला. मी दुसरीकडे बघायला हवं होतं. बघितलं नाही.

शेवंतीने लगेच काही समजूत वगैरे घातली नाही. कंडक्टर पाणी भरून गेला. मग ती मला म्हणाली, "बाई, वीसची नोट आसा तुमच्याकडे?"

मी दिली. निघताना मी परत दिलेल्या सहा नोटा परबांच्या हातात होत्या, त्यांतली एक तिने ओढून घेतली, दोन्ही एकमेकींवर ठेवल्या, खालची कड जुळवली आणि परबांचा अंगठा धरून वरच्या कडेवरून फिरवला. वीसच्या नोटेची कड संपली आणि अंगठा वर उरलेल्या बोटभर पन्नासच्या नोटेवर उतरला.

"हय बघा. पायरी लागता. ही मोठी, ती बारकी. कळला?"

"कळला," परब म्हणाले. पुन्हा एकदा स्वतःहून अंगठा फिरवला. "कळला गो."

मला बारा वर्षांत जे दिसलं नव्हतं, ते शाळेचं तोंड न बघितलेल्या त्या बाईने पाण्याच्या टाकीशेजारी मिनिटभरात दाखवलं. मला हसू यायला लागलं. गेल्या तासाभरात छातीवर जो दगड होता तो उतरला आणि त्याची जागा हसण्याने घेतली. शेवंतीने माझ्याकडे जरा रागाने बघितलं, आणि मग तिलाही आलं. परब मधे उभे, एक डोळे पुसतोय आणि दोन बायका हसतायत, असा आमचा तमाशा.

कंडक्टरने घंटी वाजवली. "कणकवली, राजापूर, चला."

शेवंतीने पिशवी उचलली. "मी जातंय. भावाक सांगलेला आसा, वाट बघीत. चार दिस ऱ्हवान येतंय."

परब म्हणाले, "मी पण येतंय."

"आणि दुकान?"

"चार दिवस पाव नाय खाल्ले तर चारकोप मरूचा नाय."

तिने पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात दिला. दोघे पायऱ्या चढले. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. मला खरं तर पळायला हवं होतं, शाखेत मॅनेजरचा चहा संपत आला असणार. पाय निघेना.

परबांनी कंडक्टरला चार नोटा दिल्या. पन्नासच्याच त्या, आता दोघांनाही ठाऊक होतं. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली आणि सुट्टे परत केले. काही नोटा, काही नाणी. परबांचा अंगठा सवयीने वरच्या नोटेच्या कडेला गेला. तिथे थांबला. मग त्यांनी मूठ मिटली आणि ते सगळे पैसे, न चाचपता, तसेच्या तसे शेजारी बसलेल्या शेवंतीच्या हातात दिले. तिनेही बघितले नाहीत. कमरेला खोचले आणि खिडकीची काच खाली केली.

मी कॅशियर आहे. न मोजता हातबदल झालेला पैसा मला बघवत नाही, अंगावर काटा येतो. त्या दिवशी गाडी डेपोबाहेर वळेपर्यंत मी बघत उभी होते.